फ्रिज चालतो, पण सेल्फ मारत नाही!

प्रश्न : आम्ही सालवडला राहतो. आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आतून कॅराव्हॅनसारखी करून घेतली. दोन बिछाने, छोटा फ्रिज, छपरावर सोलर. पावसाळाभर ती अंगणात उभी होती. दसऱ्याला धुऊनपुसून, झेंडूचा हार घालून चावी फिरवली, तर एकदाच ‘टक’ असा आवाज आला आणि समोर बॅटरी, इंजिन, एबीएस असे तीन दिवे लागले. आत फ्रिज मात्र थंडगार! शेजारच्या टेम्पोवरून जम्प दिला, गाडी सुरू झाली. दोन दिवे गेले, इंजिनाचा राहिला. एकाने बॅटरी बदलायला लावली. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘टक’. आता दुसरा म्हणतो डायनामो गेला, तिसरा म्हणतो ईसीएम गेला. फ्रिज चालतो म्हणजे बॅटरी तर चांगलीच आहे ना? मग बिघडले काय?

उत्तर : तुमच्या पत्रात एक कोडे नसून तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतली आहेत. आधी फ्रिजचे पाहू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कॅराव्हॅनमध्ये साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, बॉनेटखाली किंवा सीटखाली. तिचे काम सेल्फ मारणे. दुसरी आतल्या संसाराची : दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप. ही बहुधा आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, हळूहळू आणि तासन्‌तास वीज देणारी. छपरावरचे सोलर पॅनल बहुतेक वेळा फक्त या दुसऱ्या बॅटरीला जोडलेले असते. म्हणजे पावसाळ्यातही जेवढे ऊन पडले तेवढे संसाराच्या बॅटरीला मिळत गेले आणि इंजिनाच्या बॅटरीला चार महिने काहीच मिळाले नाही. फ्रिज थंड असण्यावरून इंजिनाच्या बॅटरीबद्दल काहीही कळत नाही.

समजा एकच बॅटरी असती, तरी फ्रिजची साक्ष चालली नसती. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज चार-पाच अँपिअर खातो. डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ त्या दोन-तीन सेकंदांत दोनशे ते चारशे अँपिअर ओढतो. ‘हॉर्न वाजतोय, हेडलाइट लागतोय, म्हणजे बॅटरी ठीक’ हा समज याच कारणाने फसवा आहे. हॉर्न वाजवण्याइतका दम मरू घातलेल्या बॅटरीतही असतो.

आता ‘टक’. हा आवाज एकदाच येतो की ‘टकटकटकटक’ असा येतो, याकडे गॅरेजमध्येही फार कोणी लक्ष देत नाही. खरे तर निम्मे निदान तिथेच होते. सेल्फवर एक सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की तो पुढे सरकतो आणि सेल्फला वीज जोडतो. बॅटरी रिकामी असेल तर वीज जोडताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड मागे येतो, व्होल्टेज सावरते, तो पुन्हा पुढे जातो. त्यातून टकटकटक. एकदाच टक होऊन सारे शांत झाले, तर सोलेनॉइड पुढे गेला आणि तिथेच थांबला, पण मोटरला पुरेशी वीज पोहोचली नाही. अशा वेळी संशय आधी जोडण्यांवर घ्यायचा, नंतर सेल्फवर. दोन्ही वेळा तुमच्याकडे एकच ‘टक’ झाला आहे, एकदा जुन्या बॅटरीवर आणि एकदा नव्या. बॅटरी बदलूनही आवाज बदलला नाही, ही मोठी खूण आहे.

सालवडला राहणाऱ्याला जोडण्यांबद्दल वेगळे सांगायला नको. एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे थोड्याच अंतरावर नवापूर-चिंचणीचा समुद्र, आणि वर चार महिन्यांचा पाऊस. खिडकीच्या गजांना काय होते ते तुम्ही पाहताच. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा बसतो तो निदान डोळ्यांना दिसतो. तो खरवडला जातो, गरम पाणी ओतले जाते, वर व्हॅसलीन लावले जाते. पण बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला आणि चासीपासून इंजिनाला जाणारी जी अर्थिंगची पट्टी असते, तिचे दुसरे टोक खाली चिखलात असते. नवी बॅटरी बसवताना तिकडे कोणी वाकून पाहत नाही.

तिथे गंज चढला तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. समजा त्या जोडात ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका अडथळा आला. पाच अँपिअरचा दिवा लावला तर तिथे ०.०५ व्होल्ट वाया जातात, कोणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फने तीनशे अँपिअर मागितले की त्याच जोडावर तीन व्होल्ट जातात, आणि बाराच्या गाडीत तीन व्होल्ट गेले म्हणजे सेल्फ संपला. नळाच्या तोंडाशी कचरा अडकला तर तांब्या भरतो, आग विझवता येत नाही, तसलाच हा प्रकार.

मग जम्प दिल्यावर गाडी सुरू कशी झाली? टेम्पोची बॅटरी आणि टेम्पोच्या चालू इंजिनाचा डायनामो, दोघांनी मिळून व्होल्टेज वर उचलले, हे एक कारण. दुसरे कारण चिमट्यांच्या जागेत असू शकते. काळ्या केबलचा चिमटा कोणी इंजिनाच्या लोखंडाला लावला असेल, तर ती गंजलेली अर्थिंगची पट्टी आपोआप बाजूला पडली. (तसा तो लावणे बरोबरच आहे. आधी लाल ते लाल, मग चांगल्या बॅटरीचा काळा, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये.)

ही शंका तपासायला कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. त्याची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरायची. टर्मिनलच्या पट्टीवर धरू नका, खुंटीवरच धरा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग निर्दोष. एक-दोन व्होल्ट दाखवले तर चोर सापडला. पट्टी काढा, दोन्ही टोके आणि चासीवरची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, वर ग्रीस. नवी पट्टी घालायची तरी ती बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त पडते.

आता चौथ्या दिवशीचे कोडे. अर्थिंग खराब असेल तर नवी बॅटरी पहिल्या दिवशी का चालली? कारण काठोकाठ भरलेली बॅटरी थोडे नुकसान सोसून घेते, अर्धी झालेली सोसत नाही. म्हणजे चार दिवसांत ती बरीच उतरली असली पाहिजे. उभ्या गाडीत बॅटरी उतरते कशी?

प्रत्येक गाडी झोपेतही थोडी वीज खाते : घड्याळ, लॉक, ईसीएमची (म्हणजे इंजिनाच्या संगणकाची) आठवण. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत ते क्षम्य धरतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. शंभर अँपिअर-अवरची उत्तम बॅटरीसुद्धा या हिशेबाने तीनेक महिन्यांत रिकामी होते. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वतःही थोडी झिजत असते. म्हणून पावसाळ्यानंतर जुनी बॅटरी बसलेली सापडली यात काही नवल नाही. तिने कोणाचा गुन्हा केलेला नव्हता. कदाचित ती चार्जरवर रात्रभर ठेवली असती तर वाचलीही असती. मात्र रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पुरती कामातून जाते.

नवी बॅटरी मात्र चार दिवसांत उतरायला पन्नास मिलिअँपिअर पुरत नाहीत. अर्धा अँपिअर लागतो : दिवसाला १२, चार दिवसांत ४८ अँपिअर-अवर. शंभराची निम्मी झाली. त्यात दुकानातून आलेली बॅटरी पूर्ण भरलेली असतेच असे नाही. तेव्हा तुमच्या गाडीत कोणीतरी रात्रंदिवस अर्ध्या अँपिअरच्या आसपास पितो आहे, असे मी समजतो. कॅराव्हॅन करून घेताना जे जे जोडले, त्यात शोधा. मागचा कॅमेरा, म्युझिक सिस्टीमचा अँप्लिफायर, ट्रॅकर, पायरीखालचा एलईडी. सुतारकाम करणाऱ्याच्या जोडीला आलेला वायरमन जवळची लाल तार पाहतो आणि जोडून मोकळा होतो. ती तार चावीतून येते की थेट बॅटरीतून, हे त्याने विचारलेले नसते.

एक शंका दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या रिलेवरही घ्यावी लागते. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या आणि बंद होताच सोडवायच्या, हे त्याचे काम. त्याचे संपर्क आतून चिकटले तर फ्रिज रात्रभर इंजिनाच्या बॅटरीतूनही पितो. याचा छडा मिनिटात लागतो. इंजिन बंद करून तासाभराने दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज मोजा. आकडे वेगवेगळे, तर रिले सुटला आहे. दशांशापर्यंत तंतोतंत सारखे, तर चिकटला आहे. तुमच्याकडे एक बॅटरी आडवी आणि दुसरी टवटवीत, यावरून रिले निर्दोष असावा असे वाटते, पण मोजायला काय जाते?

बाकीच्या चोरासाठी निगेटिव्ह टर्मिनल काढून मल्टिमीटर मध्ये जोडायचा, दहा अँपिअरच्या खाचेत तार घालून. दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचे, कारण गाडीतली यंत्रे झोपायला वेळ घेतात. मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, त्या रस्त्यावर चोर. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. घरच्या वायरमनचा क्लॅम्प मीटर मागून आणाल, तर तो डीसी मोजतो का ते आधी पाहा. पुष्कळसे फक्त एसी मोजतात आणि गाडीवर बिनदिक्कत शून्य दाखवतात.

राहिले तीन दिवे. लोकांचा समज असा, की तीन दिवे म्हणजे तीन बिघाड. तुमच्या बाबतीत तिन्हींची आई एकच असावी. सेल्फ मारताना व्होल्टेज नऊच्या खाली गेले की गाडीतले छोटे संगणक गडबडतात, काही क्षण बंद पडतात, एकमेकांशी संपर्क तुटतो. प्रत्येक जण शेजाऱ्याची तक्रार लिहून ठेवतो. एबीएसचा दिवा गाडी सुरू होऊन चाके फिरल्यावर स्वतःची तपासणी करतो आणि विझतो. इंजिनाचा दिवा त्या मानाने डूख धरणारा. सलग दोन-तीन फेऱ्या निर्धोक गेल्याशिवाय तो बहुधा विझत नाही. तेव्हा आधी विजेचे दुरुस्त करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार-पाच दिवस गाडी वापरा आणि मग दिवा पाहा.

तरी राहिला, तर स्कॅनर लावायला सांगा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. तिथून कोड मिळतो आणि तो कोड कागदावर लिहून मागा. ‘पी ०५६२’ असेल तर अर्थ इतकाच, की व्होल्टेज कमी पडले होते. ‘यू ०१००’ म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला होता. या दुसऱ्या कोडवरून ‘ईसीएम गेला’ असे निदान अनेकदा होते आणि हजारोंचा खर्च पडतो. संपर्क तुटणे आणि यंत्र मरणे यांत फरक आहे. विशेषतः अर्थिंग गंजलेल्या गाडीत. दसऱ्याला इंजिनावर प्रेशरचे पाणी मारले असेल, तर एखाद्या सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरल्याचाही कोड मिळू शकतो. आणि भोवती भातशेती असेल तर उंदराने कुरतडलेली तार नक्की शोधा. पावसात शेतात पाणी भरले की उंदरांना बॉनेटखालची कोरडी जागा आवडते.

दिवा घालवायला टर्मिनल काढून पुन्हा लावण्याचा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. दिवा जातो खरा. सोबत कोडही जातो, आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही.

बॅटरीच्या दिव्याचेही एक सांगायला हवे. तो बॅटरीची तब्येत दाखवत नाही, चार्जिंग होते की नाही ते दाखवतो. जुन्या गाड्यांत त्याची रचना गमतीची होती. बल्बच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला डायनामो. इंजिन बंद असताना डायनामोकडे वीज नाही, म्हणून बल्बमधून वीज वाहते आणि तो लागतो. डायनामो फिरून बाराच्या वर गेला की दोन्ही टोकांना सारखाच दाब, वीज वाहायला कारण उरत नाही, बल्ब विझतो. नव्या गाड्यांत हा निर्णय संगणक घेतो, पण अर्थ तोच. म्हणून इंजिन बंद असताना तो लागणे हे नॉर्मल आहे. तुमच्या गाडीचे इंजिन फिरलेच नव्हते, त्याने लागायलाच हवे होते. इंजिन सुरू झाल्यावर तो गेला, यावरून डायनामो बहुधा ठीक आहे.

खात्री मीटरने करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही साडेतेराच्या वर टिकावा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आणि बॅटरी उकळते आहे. चालू इंजिनावर टर्मिनल काढून ‘डायनामो चेक’ करण्याची जुनी पद्धत मात्र कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते. जुन्या डिझेल जीपला ते सोसत होते, ईसीएमवाल्या गाडीला नाही. ईसीएम खरोखर जायचा असेल तर तो असाच जातो.

जम्प दिल्यावर ‘बोईसर स्टेशनपर्यंत चक्कर मार, चार्ज होईल’ हेही खरे नाही. निम्म्या रिकाम्या बॅटरीला पन्नास अँपिअर-अवर हवेत, आणि गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीचा डायनामो दिवे-ब्लोअर भागवून त्यातले थोडेच देतो. ती दुकानात रात्रभर चार्जिंगला टाकावी, दहा अँपिअरच्या आसपास. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असे तिथे कोणी म्हणाले तर हसून सोडून द्या. जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातली ती भीती आहे, प्लास्टिकच्या पेटीला जमिनीचे काही वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी ट्रकला असतो तसा कट-ऑफ स्विच निगेटिव्हवर बसवून घ्या आणि मिरगाच्या आधी तो फिरवून टाका. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांची हौस वाढली आहे, पण आपल्याकडे ती हौस आठ महिन्यांची. गाडीचे रूप बदलल्याची नोंद आरसी बुकात झाली आहे ना, तेही एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मी बोईसरचा. कंपनीच्या माणसांची ने-आण करायला माझी बीएस-६ डिझेल गाडी आहे. दर महिन्याला कोणता ना कोणता पिवळा दिवा लागतो. पिवळा लागला तरी चालवली तर चालते का?

उत्तर : रंगावरून मोठा निवाडा होतो. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढेच. लालमध्ये ऑइलची चिमणी सर्वात कडक. ती चालत्या गाडीत लागली तर ‘गॅरेज एवढ्यावरच आहे’ म्हणू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ऑइलचा दाब नसताना बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. तापमानाचा लाल दिवाही तसाच, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. लाल बॅटरी लागली तर थोडा अवधी असतो, पण पट्टा तुटला असेल आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल, तर पाठोपाठ इंजिन तापते. म्हणून आधी बॉनेट उघडून पट्टा पाहा.

तुमच्या दर महिन्याच्या दिव्याचे कारण बहुधा तुमच्या धंद्यात आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी ती स्वतःच जाळते, मात्र त्यासाठी धूर बराच वेळ चांगला गरम राहावा लागतो. स्टेशन ते वसाहत, वसाहत ते स्टेशन, मध्ये नाक्यावरची कोंडी, या चालीत तो कधी गरमच होत नाही. जाळी भरत जाते, दिवा लागतो. तो स्थिर पिवळा असताना चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून चारोटीच्या बाजूला वीस-तीस मिनिटे एका वेगाने गाडी चालवा, पुष्कळदा तेवढ्याने विझतो. नेमका वेग आणि गिअर गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीने ओढ सोडली, तर चक्कर मारून उपयोग नाही, वर्कशॉपमध्ये मशिन लावून जाळी साफ करावी लागते. जाळी काढून आत नुसता पाइप घालून देणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे.

पिवळ्यातला दुसरा नेहमीचा म्हणजे एडब्लूचा, तुमच्या गाडीला ती टाकी असेल तर. ते ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाण्यातले द्रावण असते. शेतातला युरिया साध्या पाण्यात ढवळून घालण्याची युक्ती कोणी सांगितली, तर आधी एडब्लूच्या पंपाची किंमत विचारा. हा दिवा बराच आधी सूचना देतो, पण दुर्लक्ष केले तर काही गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत, आणि तेव्हा पहिल्या पाळीची माणसे नाक्यावर उभी असतात.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीचा आवाज, ओढ, तापमान नेहमीसारखे असेल, तर ती पाळी पुरी करा. मग स्कॅन करून घ्या. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही ईसीएम जपून ठेवतो : वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम. कोड पुसण्याआधी या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात दिवा पुन्हा लागला तर दोन फोटो शेजारी ठेवून पाहता येतील. दोन्ही वेळा बिघाड थंड इंजिनावर आला की चढावर, की पाऊस पडत असताना, हे कळले तर मेकॅनिकला नेमके कुठे शोधायचे ते सांगता येईल.